मासा खाऱ्यातून गोड्यात जातो तेव्हा त्याच्या आत काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी झूऑलॉजीवाला आणि आजोळ पेणच्या खारेपाटातलं (खाडीकाठचा भाग), त्यामुळे दरवर्षी जिताड्याची (खाडीतला मासा, इंग्रजीत सी-बास) पिल्लं तळ्यात सोडायची वेळ आली की मामांपासून त्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे हेच विचारतात. तोंडी सांगून सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

पाणी ते पाणी, माशाला खारं काय नि गोडं काय, एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि जिवावरचा पडतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटतं ना, समुद्रातला मासा म्हणजे ती फोड, त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातंय. आणि मनुका रात्री साध्या पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात, ती नदीतल्या माशाची गत. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हॉस्पिटलात सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, आणि बांगडा घ्या नाहीतर रोहू घ्या, हाडाच्या माशाचं रक्त खारटपणाला साधारण त्याच्याच आसपास असतं. म्हणजे समुद्राच्या साधारण पाव ते एक तृतीयांश, आणि नदीच्या कितीतरी पट.

आता खाडीतल्या माशाचं बघा. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, त्यात उधाण (मोठी भरती) वेगळं आणि भांग (लहान भरती) वेगळी, मे महिन्यात खाडी खारट आणि जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात डोंगराचं लाल पाणी उतरलं की तीच खाडी मचूळ नाहीतर चक्क गोडी. यात रक्ताचा खारटपणा तेवढाच ठेवायचा. बाहेर काहीही होवो, आत ९ ग्रॅमच्या आसपास, बस.

समुद्रातला मासा पाणी पितो का?

हो, घटाघटा. गोड्या पाण्यातला जवळजवळ पीत नाही, त्याला नको असताना पाणी अंगात शिरतंच आहे, तो ते पातळ लघवीतून बाहेर काढत बसतो. समुद्रातला मात्र वाळत असतो म्हणून समुद्रच पितो, आणि हे १९३० साली होमर स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

पण समुद्र पिऊन तहान कशी भागणार, माणूस तर मरेल! इथे आतड्याची करामत आहे. अन्ननलिकेतच बरंचसं मीठ शोषून पाणी पातळ केलं जातं, मग आतड्याच्या पेशी सोडियम आणि क्लोराइड आत ओढतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. म्हणजे पाणी मिळवायला आधी मीठ घ्यावं लागतं, आणि ते जास्तीचं मीठ मग कल्ल्यातून फेकावं लागतं. शिवाय आतड्यात बायकार्बोनेट सोडून समुद्रातलं कॅल्शियम चुन्यासारखं घट्ट करून टाकतात, म्हणजे पाणी अजून पातळ होऊन शोषायला सोपं जातं. तो चुना विष्ठेतून बाहेर पडतो. २००९ च्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की जगातल्या समुद्रांमध्ये जेवढा कार्बोनेट तयार होतो त्यातला ३ ते १५ टक्के माशांच्या आतड्यातला. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

कल्ल्यात असं आहे काय?

बाजारात मासा ताजा आहे का बघायला आपण कल्ला उचलतो, लाल दिसला की घेतो. ती लाल पिसं म्हणजे फक्त श्वास नाही, मिठाचा अख्खा कारखाना तिथेच आहे. पातळ पातळ पडद्यांमध्ये मधूनमधून काही जाड पेशी बसलेल्या असतात, मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या, त्यांना आयनोसाइट म्हणतात, जुन्या पुस्तकांत क्लोराइड सेल. १९३२ साली अ‍ॅन्सेल कीज आणि एडवर्ड विल्मर या दोघांनी ईल माशाच्या कल्ल्यात या पहिल्यांदा ओळखल्या. हा कीज म्हणजे तोच बरं का, ज्याने पुढे चरबी आणि हार्टच्या आजारावर सात देशांचा तो गाजलेला अभ्यास केला, सुरुवात माशांच्या कल्ल्यांनी झाली होती.

मग मीठ बाहेर कसं टाकतात? सोपं करून सांगा.

सोपं करायचा प्रयत्न करतो, पण एक गोष्ट उलटी वाटेल ती आधीच सांगतो, पंप ज्या बाजूला सोडियम टाकतो ती पाण्याची बाजू नसून रक्ताची बाजू आहे.

आयनोसाइटच्या रक्ताकडच्या अंगाला सोडियम-पोटॅशियम पंप खचाखच बसवलेले असतात. एक एटीपी (पेशीचं इंधन) जाळायचा, ३ सोडियम पेशीबाहेर टाकायचे, २ पोटॅशियम आत घ्यायचे, एवढंच त्याचं काम. हाच पंप आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि तो १९५७ साली येन्स स्कोऊ या डॅनिश माणसाला सापडला तो खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये, त्यासाठी १९९७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं (चिंबोरी खाताना आठवण ठेवा). तर, पंपाने सोडियम उपसून उपसून पेशी आतून सोडियमला रिकामी होते, त्यामुळे रक्तातल्या सोडियमला आत घुसायचंच असतं. पण दारावर एनकेसीसी नावाचं प्रोटीन उभं, ते म्हणतं एकटा नाही सोडणार, बरोबर एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आण. अशा रीतीने क्लोराइड फुकटात पेशीत येत राहतं आणि साचतं. पोटॅशियम दुसऱ्या भोकांतून परत रक्ताकडे. आणि पेशीचं जे तोंड पाण्याकडे असतं तिथे सीएफटीआर नावाचा चॅनल असतो, तो उघडला की साचलेलं क्लोराइड भसकन समुद्रात.

आता राहिला सोडियम. एवढं निगेटिव्ह क्लोराइड बाहेर गेल्यामुळे रक्ताची बाजू पाण्याच्या मानाने पॉझिटिव्ह होते, मग सोडियमला बाहेर जायची ओढ लागते आणि तो पेशीतून न जाता दोन पेशींच्या मधल्या फटीतून निसटतो. समुद्री माशाच्या आयनोसाइटच्या शेजारी एक मदतनीस पेशी असते आणि दोघींमधली शिवण मुद्दाम सैल ठेवलेली असते, त्यासाठी क्लॉडिन नावाची प्रोटीनं वेगळ्या जातीची वापरलेली असतात. मला हीच फट सगळ्यात आवडते, अख्ख्या यंत्रात पैसे एकाच ठिकाणी मोजले जातात, तो पंप, बाकी सगळे त्याच्या जिवावर.

सीएफटीआर हे नाव मी डॉक्टरकडे ऐकलंय, तेच का?

तेच. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचा जीन, १९८९ मध्ये सापडला. तो बिघडला की फुप्फुसात चिकट कफ साचतो आणि घाम जास्त खारट होतो. माणसाच्या फुप्फुसातला चॅनल आणि माशाच्या कल्ल्यातला चॅनल एकाच घराण्यातले.

गोड्या पाण्यात याच्या उलट?

उलट म्हणजे आरशातल्यासारखं उलट नाही. नदीच्या पाण्यात सोडियम-क्लोराइड नावापुरतं असतं, तिथून ते ओरबाडून आत घ्यायचं, त्यामुळे पाण्याकडची दारं पूर्ण वेगळी लागतात, आणि वेगवेगळ्या माशांनी वेगवेगळी युक्ती काढलीय. काही जण आतला हायड्रोजन आयन बाहेर देऊन बदल्यात सोडियम आत घेतात. त्यात अमोनियाचा हात असतो, मासा प्रोटीन पचवून जो अमोनिया टाकतो तो आर-एच नावाच्या प्रोटीनच्या दारातून बाहेर पडतो, बाहेर पडताच कल्ल्यालगतचा हायड्रोजन आयन स्वतःला चिकटवून घेतो, म्हणून सोडियम आत यायचं काम सोपं होतं. म्हणजे पूर्वी बोहारीण यायची ना, जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी, तसा व्यवहार, टाकाऊ द्या नि मीठ घ्या. चिलापीसारख्या माशात अजून एक दार असतं जे सोडियम आणि क्लोराइड जोडीनेच आत घेतं. आणि ती मगाची सैल शिवण? ती गोड्या पाण्यात गच्च शिवून टाकतात, नाहीतर आत घेतलेलं सगळं तिथूनच गळेल.

किडनीही कामाला लागते, पाणी भरपूर टाकायचं पण मीठ परत खेचून ठेवायचं. समुद्री माशाची किडनी जेमतेम लघवी करते आणि मुख्यतः मॅग्नेशियम-सल्फेटसारखं जड मीठ काढते.

म्हणजे खाडीच्या माशाकडे काही स्पेशल जीन असतात जे बाकीच्यांकडे नाहीत?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे आणि मी स्वतः बीएस्सीला असताना असंच समजायचो. नाही. पंप तोच, सीएफटीआर तोच, एनकेसीसी तोच, बांगड्याकडे आहेत, रोहूकडेही त्याच घराण्यातले जीन आहेत. फरक आहे तो जुळणी बदलता येण्यात. कोणतं प्रोटीन पेशीच्या कोणत्या अंगाला बसवायचं, किती बनवायचं, कधी काढून टाकायचं, शिवण सैल की घट्ट, हे जिताडा, बोईट, काळुंदर, चिलापी यांना जमतं. बांगड्याचं यंत्र समुद्रासाठी जोडलेलं आहे आणि तसंच राहतं, रोहूचं नदीसाठी.

सालमनमध्ये तर त्या सोडियम पंपाच्याच दोन आवृत्त्या असतात, एक नदीतली, एक समुद्रातली, आणि पिल्लू नदीत असतानाच, अजून समुद्र पाहिलेलाही नसतो, तेव्हाच समुद्रवाली आवृत्ती वाढायला लागते. लग्नाआधीच सासरची भाषा शिकून ठेवल्यासारखं.

पण माशाला कळतं कसं की पाणी बदललं?

मस्त प्रश्न. कळायच्या जागा एकाहून जास्त आहेत. मोझांबिक चिलापीवर यात भरपूर काम झालंय (हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला, त्याचे नातेवाईक आज उजनीच्या पाण्यात किती झालेत ते भिगवणला जाऊन बघा). तिच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी असतात. मासा गोड्यात गेला की रक्त किंचित पातळ होतं, रक्त पातळ झालं की या पेशी किंचित फुगतात, फुगल्या की त्यांचं आवरण ताणलं जातं, ताणलं की कॅल्शियमचे चॅनल उघडतात आणि प्रोलॅक्टिन सुटतं. मेंदूचा निरोप यायचीही गरज नाही, पेशी बशीत काढून ठेवल्या तरी पातळ पाण्यात हेच करतात. मग ते प्रोलॅक्टिन कल्ल्याला सांगतं की शिवण घट्ट करा, मीठ आत घेणारी दारं बनवा. आपल्यात हेच हॉर्मोन आईला दूध आणतं.

हे प्रोलॅक्टिन किती महत्त्वाचं ते ग्रेस पिकफर्ड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, किलीफिश या छोट्या माशाची पिट्युटरी काढली तर तो खाऱ्यात जगतो पण गोड्यात मरतो, आणि प्रोलॅक्टिन टोचलं की गोड्यातही तगतो. (ही किलीफिश फार तगडी, १९७३ मध्ये स्कायलॅबमधून अंतराळात गेलेला पहिला मासा हाच.)

खाऱ्याकडे जाताना कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन ही दोन हॉर्मोनं पुढे येतात, पंप वाढवा, आयनोसाइट वाढवा. शिवाय कल्ल्याच्या पेशी स्वतःही ओळखतात, त्या आकसतात. चिलापीच्या कल्ल्यात एक ओएसटीएफ-१ नावाचं प्रोटीन खाऱ्यात टाकल्यावर काही तासांतच भराभर वाढतं असं २००५ मध्ये दिसलं, ते पुढे इतर जीन चालू-बंद करायला मदत करतं. आणि आकसलेल्या पेशीला परत फुगवायला नुसतं मीठ आत भरून चालत नाही, जास्त मिठाने पेशीतली प्रोटीनंच बिघडतात, म्हणून ती ग्लुकोजपासून इनोसिटॉल बनवून साठवते. ते पाणी धरून ठेवतं आणि कुणाला त्रास देत नाही.

या सगळ्याला किती वेळ लागतो?

तीन टप्पे धरा. मिनिटांत आहे तेच चॅनल उघडतात नाहीतर बंद होतात, त्यांच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारून किंवा काढून. तासांत जीन चालू होतात, नवीन प्रोटीनं बनायला लागतात. दिवसांत पेशीच बदलतात, जुन्या आयनोसाइट मरतात, नव्या येतात.

म्हणूनच मी मामांना डोकं खाऊन खाऊन सांगतो की पिल्लं एकदम ओतू नका. पहिल्या वर्षी त्यांनी ओतली होती, पिशवी फाडली, धाडकन तळ्यात, पिल्लं पळाली पण, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी पोटं. सगळी मेली नाहीत, पण मोजताना मामांचं तोंड बघवत नव्हतं. आता आम्ही रिफ्रॅक्टोमीटर आणलाय, पाण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, आकाशाकडे धरून डोळा लावायचा, निळं-पांढरं जिथे मिळतं तिथला आकडा वाचायचा. हॅचरीचं (जिथे पिल्लं तयार करतात) पाणी असतं ३० पीपीटीच्या (लिटरला साधारण ३० ग्रॅम क्षार) आसपास आणि तळं जवळजवळ शून्य. मग टबात ठेवून मग्ग्या-मग्ग्याने तळ्याचं पाणी घालत काही दिवसांत उतरवतो, मामी म्हणते एवढं तर बाळंतिणीचं नाही केलं. पहिला टप्पा मिनिटांचा असला तरी भिस्त दिवसांच्या टप्प्यावर असते, तेवढा वेळ द्यायला हवा. पाण्याचं तापमानही जुळवा, तो वेगळा धक्का.

जिताडा गोड्या तळ्यात एवढा वाढतो, मग तिथेच पिल्लं का घालत नाही?

वाढणं आणि वंश वाढवणं वेगळं. जिताडा (गोव्यात चणक) अंडी घालायला खाडीच्या मुखाशी खाऱ्याकडे जातो. एक तर हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे तळ्यात एकाच वयाचे सगळे नरच असायची शक्यता जास्त. दुसरं, समुद्री माशाचं शुक्रजंतू अंगात असताना झोपलेलं असतं, जास्त खारट पाणी लागलं की जागं होऊन पोहायला लागतं, गोड्यात जागंच होत नाही. तिसरं अंड्याचं. अशा समुद्रात तरंगणाऱ्या अंड्यात पिकताना पिवळ्या भागातली प्रोटीनं तुटून सुटी अमिनो आम्लं होतात, त्यांच्या ओढीने अ‍ॅक्वापोरिन नावाच्या पाण्याच्या नळांतून अंडं पाणी भरून घेतं आणि हलकं होतं. ते हलकं खाऱ्या पाण्याच्या मानाने, गोड्या पाण्यात तेच अंडं तळाला बसेल. म्हणून पिल्लं पूर्वी खाडीतून पकडून आणावी लागत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने १९९७ मध्ये हॅचरीत जिताड्याची पैदास करून दाखवली तेव्हापासून ती वाट मोकळी झाली.

घरच्या फिशटँकमध्ये मीठ टाकावं का?

रोज नाही. पण नवीन आणलेला, घाबरलेला, जखमी मासा असेल तर थोड्या मिठाचा उपयोग होतो, कारण घाबरल्यावर कल्ल्यातला रक्तप्रवाह वाढतो आणि मीठ गळतं, बाहेर थोडं मीठ असेल तर कमी गळतं. मासे लांब नेणारे पाण्यात मीठ टाकतात ते यासाठीच. टँकमध्ये झाडं असतील तर ती मात्र कोमेजतील.

अजून एक, नवीन टँकमध्ये नायट्राइट वाढतं. कल्ल्याचं जे दार क्लोराइड आत घेतं ते नायट्राइटला ओळखू शकत नाही, क्लोराइड समजून आत घेतं, मग हिमोग्लोबिन बिघडून रक्त चॉकलेटी होतं, कल्ला उचलला तर लालऐवजी तपकिरी. पाण्यात मीठ टाकलं की खरं क्लोराइड दारात गर्दी करतं आणि नायट्राइटला जागा मिळत नाही. तेवढ्यावर थांबू नका, पाणी बदला.

समुद्रातला मासा खारट का लागत नाही, आणि कालवं मात्र लागतात?

माशाने आत ९ ग्रॅमच ठेवलेत म्हणून आपल्याला वरून मीठ टाकावं लागतं. कालवं, तिसऱ्या यांनी ही भानगडच ठेवली नाही, बाहेर जेवढं तेवढं आत. पण पेशीत नुसतं मीठ नको म्हणून त्या ग्लायसिन, अ‍ॅलनिन अशी अमिनो आम्लं साठवतात, आणि ती चवीला गोडसर असतात. पाऊस पडून खाडी गोडी झाली की हा साठा कमी होतो. आमची आजी पावसातल्या कालवांना पचपचीत म्हणायची, तिला ग्लायसिन माहीत नव्हतं, जीभ होती.

मोरीला (मुशीला) तो अमोनियाचा वास का येतो?

कारण तिने सगळ्यात वेगळी वाट धरलीय. शार्क मंडळी रक्तात मीठ समुद्राएवढं नेत नाहीत, पण युरिया साठवून एकूण मामला समुद्राच्या बरोबरीला आणतात, मग पाणी बाहेर ओढलं जायचा प्रश्नच मिटतो. युरिया प्रोटीनं बिघडवतो म्हणून सोबत टीएमएओ नावाचा पदार्थ ठेवतात जो त्यांना सावरतो, आणि वरचं मीठ शेपटीकडच्या एका ग्रंथीतून टाकतात, तिथेही पंप, एनकेसीसी, सीएफटीआर तेच. मोरी शिळी व्हायला लागली की बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करतात, नाकात जातो तो हा, आणि टीएमएओपासून होणारं ट्रायमिथिलअमाइन म्हणजे आपण ज्याला हिवस म्हणतो तो. हे दुसरं बाकी समुद्री माशांतही असतं, नदीच्या माशांत फारच कमी. आंबट लावलं की हे दोन्ही वास दबतात कारण आम्लात ते उडून नाकापर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून मोरीला कोकम सढळ हाताने घाला, पण वास फार असेल तर कोकम न शोधता मोरीच परत करा.